गाडीची काच : कंपनीची की बाजारातली?

दिवाळीची सुटी संपवून नागपूरहून जबलपूरला परतणारी गाडी. सिवनी मागे पडली आहे, लखनादौनला चहा झाला आहे, मुले मागच्या सीटवर झोपली आहेत. पुढे गिट्टी भरलेला ट्रक चालला आहे, त्यावर ताडपत्री नाही. एक खडा उडतो, टक्कन आवाज होतो आणि समोरच्या काचेवर बारीकशी चांदणी उमटते. घरी पोहोचेपर्यंत त्या चांदणीला हातभर लांब शेपूट फुटलेले असते.

दुसऱ्या दिवसापासून घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. जबलपुरात तर विचारूच नका! १९६९ पासून इथे लष्करासाठी गाड्या बनवणारी वाहन निर्माणी आहे. शक्तिमान ट्रक आणि जोंगा इथलेच. त्यामुळे गल्लीत निर्माणीतून निवृत्त झालेले एखादे जाणकार काका असतातच. एक काका म्हणतात, "वहिनी, कंपनीचीच काच बसवा. बाहेरच्या काचेला हातही लावू नका." दुसरे म्हणतात, "अहो, काच ती काच! कमी पैशांत काम होतंय, तर नावाचे पैसे कशाला मोजता?"

दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे आपण समजून घेतले, तर पैसेही वाचतील आणि घरची माणसेही सुरक्षित राहतील.

आधी दुरुस्ती होते का पाहा

खड्याचा डाग नाण्याहून लहान असेल, चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून दूर असेल, तर बहुतेक वेळा त्यात राळेसारखा द्रव भरून तो बुजवता येतो. याला खर्च थोडा येतो आणि मूळ काच जागेवरच राहते. मात्र उशीर करू नये. डागात धूळ-पाणी शिरले, की दुरुस्ती नीट होत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत एकदम एसी सोडला, तर डागाची रेघ व्हायला वेळ लागत नाही. दुकानात जाईपर्यंत डागावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. रेघ लांब गेली असेल, तर मात्र काच बदलण्यावाचून उपाय नाही.

ही खिडकीची काच नव्हे

समोरची काच म्हणजे काचेचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून एक चंबू पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत वाळलेल्या द्रवाचा थर होता. त्यातूनच या काचेची कल्पना निघाली. पापुद्र्यामुळे काच फुटली तरी तुकडे जागेवरच चिकटून राहतात आणि आतल्या माणसांच्या तोंडावर उडत नाहीत.

आजच्या गाड्यांत ही काच आणखीही कामे करते. ती गाडीच्या सांगाड्याला बळकटी देते. शिवाय अनेक गाड्यांत चालकाशेजारची एअरबॅग उघडताना या काचेचाच आधार घेते. काच जागेवरून निघाली, तर एअरबॅग असून नसल्यासारखी. म्हणूनच हा प्रश्न फक्त पैशांचा नाही.

'ओरिजिनल' म्हणजे काय?

इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मोटार कंपन्या काच सहसा स्वतः बनवत नाहीत, त्या काच बनवणाऱ्या कंपन्यांकडून घेतात. आपल्याकडे असाही इंडिया आणि सेंट-गोबेन सेक्युरिट ही त्यांतली मोठी नावे. सेक्युरिटचा कारखाना तर पुण्याजवळ चाकणला आहे.

त्यामुळे बाजारात तीन प्रकारच्या काचा दिसतात. पहिली, मोटार कंपनीचे चिन्ह असलेली आणि तिच्या वर्कशॉपमधून मिळणारी. दुसरी, मोटार कंपन्यांना काच पुरवणाऱ्याच एखाद्या उत्पादकाची, पण मोटार कंपनीचे चिन्ह नसलेली. तिसरी, इतर कोणा उत्पादकाची. तिसऱ्या प्रकारात चांगला मालही असतो आणि वाईटही.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांच्या किमतीतला फरक बऱ्याच अंशी चिन्हाचा असतो. साध्या गाडीसाठी दुसऱ्या प्रकारची काच घेण्यात कमीपणा काहीच नाही. धोका आहे तो तिसऱ्या प्रकारातल्या बिनानावाच्या काचेत.

कोपऱ्यातला मजकूर वाचा

साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, तशी काच घेताना तिचा खालचा कोपरा पाहावा. तिथे उत्पादकाचे नाव, काच 'लॅमिनेटेड' असल्याची नोंद आणि आयएसआय चिन्ह काचेवरच छापलेले असते. वाहनांच्या सुरक्षा काचेचे भारतीय मानक आहे आय.एस. २५५३, भाग २. हा मजकूर कागदी स्टिकरवर असेल किंवा नखाने खरवडून निघत असेल, तर ती काच परत करावी.

समोरची काच लॅमिनेटेडच हवी आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० सांगतो. "थोडी गडद घ्या, ऊन लागणार नाही," असे दुकानदाराने सुचवले, तर हा नियम लक्षात ठेवावा.

कंपनीची काच केव्हा घ्यावी?

मधल्या आरशामागे काचेला कॅमेरा लावलेला असेल, तर हट्टाने मूळ क्रमांकाचीच काच घ्यावी. समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या या कॅमेऱ्यातूनच रस्ता पाहतात. काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करावी लागते. ती सोय जबलपुरातच होईल की त्यासाठी नागपूर-भोपाळ गाठावे लागेल, हे आधीच विचारून घ्यावे. पावसाचा थेंब ओळखून वायपर आपोआप सुरू होत असेल किंवा काच आवाज अडवणारी असेल, तरीही तशीच काच मागावी.

विम्याची काच फुकट नसते

"विमा देतोय ना, मग महागडीच बसवा," असे म्हणण्याआधी थोडे गणित करू या. सर्वंकष विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, हे खरे. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. रबरी पट्टीच्या निम्म्या किमतीची भर पडते. चिकटद्रव्याचे पैसेही बहुधा आपल्याच माथी येतात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर काहीच मिळत नाही.

मोठा तोटा असतो तो नो क्लेम बोनसचा. दावा केला नाही, तर ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वर्षागणिक वाढत जाते. दावा केला, की ती पुन्हा शून्यावर येते. समजा, गाडीच्या नुकसानभरपाईचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि आज आपल्याला ३५ टक्के सवलत मिळते. दावा केल्यास पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी शून्य, त्यानंतर ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५. हप्ता तेवढाच धरला, तरी पाच वर्षांत १२,००० रुपये जादा जातात! काच त्याहून स्वस्तात बसत असेल, तर दावा न करणेच शहाणपणाचे. बोनस सुरक्षित ठेवणारी जोडयोजना घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी पॉलिसी काढून वाचावी.

खरी परीक्षा बसवण्यात

जुन्या मारुती ८०० किंवा ॲम्बेसेडरची काच रबराच्या चौकटीत बसत असे. आता ती पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने गाडीला जोडतात. उत्तम काच घाईघाईने चिकटवली, तर ती वाईट काचेइतकीच धोक्याची ठरते. म्हणून गाडी सोपवून निघून जाऊ नये, थोडा वेळ तिथेच थांबावे आणि एवढे पाहावे :

• चिकटद्रव्याच्या नळीवरची मुदत संपलेली नाही ना? साध्या सिलिकॉनवर काम भागवत नाहीत ना?

• चौकट साफ करताना रंग खरवडला गेला, तर तिथे प्रायमर लावतात ना? नाही तर पावसाळ्यात तिथूनच गंज चढतो.

• गाडी किती तासांनी चालवायची? हे नळीवरच्या सूचनेप्रमाणे ठरते, आपल्या घाईप्रमाणे नाही. पहिला दिवस दारे आपटू नयेत, एक खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि गाडी धुऊ नये.

• चालकाच्या जागी बसून डोके डावी-उजवीकडे हलवावे. समोरचा विजेचा खांब लाटेसारखा वाकडा दिसला, तर काच बदलून मागावी. रात्री समोरच्या गाडीचे दिवे दुहेरी दिसले, तरीही.

• बिलावर उत्पादकाचे नाव, काचेचा क्रमांक आणि पाणी गळल्यास द्यायची हमी लिहून घ्यावी.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून काढला की निकामी होतो, म्हणून बँकेकडून तो बदलून घ्यावा. आणि झिजलेले वायपर नव्या काचेवर फिरवू नयेत, पहिल्याच पावसात ओरखडे पडतील.

तेव्हा काकांचे आता पुन्हा कोणी मत विचारले, तर सांगा : काचेवर उत्पादकाचे नाव आणि आयएसआय चिन्ह असावे, ती आपल्याच गाडीच्या नमुन्याची असावी आणि जाणत्या हाताने बसवलेली असावी. एवढे जमले, तर चिन्हासाठी जादा पैसे मोजायचे की नाही, हे खुशाल आपल्या खिशाला विचारून ठरवा.