रंगारी नंतर, आधी पत्र

पावसाळा लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. नव्या फ्लॅटची भिंत ओली झाली, बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरलं, टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. बिल्डरचं उत्तर ठरलेलं. 'वहिनी, नवीन बांधकाम आहे, एक-दोन पावसाळे असं होणारच!' मग त्याचा माणूस येतो, पुट्टी मारून जातो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

मैत्रिणींनो, साधा मिक्सर घेतला तरी आपण वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतो. आयुष्याची पुंजी घातलेल्या घरालाही हमी असते, हे मात्र कितीजणींना ठाऊक आहे? रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सोयींमधला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर महारेराकडे जाऊन भरपाई मागता येते. करारात बारीक अक्षरांत 'एक वर्ष' लिहिलं म्हणून कायद्याची पाच वर्षं कमी होत नाहीत.

आपल्याकडच्या छोट्या इमारतींचं थोडं वेगळं आहे. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. तिथे १९६३ चा मोफा कायदा आहे, त्यात ही जबाबदारी तीन वर्षांची. जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पण तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेताना मात्र त्याच्याकडून काय लिहून घेतलं, त्यावरच बरंचसं अवलंबून.

२०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून पुष्कळ घरं आता आपल्या नावावर होतात. छान आहे. पण करार कपाटात आणि किल्ली यांच्या खिशात! तो करार बाहेर काढा, ताब्याच्या पत्रावरची तारीख बघा. पंप, लिफ्ट, नळ यांची कार्डं वेगळी असतात, तीही मागून घ्या.

आणि फोनवर भांडू नका. दोष, खोली, तारीख लिहून स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पावती जपून ठेवा. फोटो ओल दिसत असतानाच काढा. दिवाळीला भिंत रंगवून घेतल्यावर दाखवणार काय?