मृत्यूला जबाबदार कोण? देव, सैतान की माणूस?

लकडगंज, नागपूर : घरात कुणी गेले की आपण 'देवाज्ञा झाली' म्हणतो. मृत्यू अकाली असेल तर 'कुणीतरी करणी केली' अशी कुजबुज सुरू होते. पण धर्म नेमके काय सांगतात?

हिंदू परंपरेत यम हा सैतान नाही. तो धर्मराज, चित्रगुप्ताच्या वहीप्रमाणे नेणारा. इस्लाममध्ये इब्लिस बहकवतो. प्राण नेणारा फरिश्ता मात्र अल्लाहच्या हुकमाचा ताबेदार. सर्वांत अस्वस्थ करतो तो बायबलमधला ईयोब. त्याची मुले सैतानामुळे मरतात, पण देवाने मुभा दिल्यावर! दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये लाखोंनी स्वीकारलेला बौद्ध धम्म तर निर्माता देवच मानत नाही. तिथला 'मार' म्हणजे मोह.

वेळ देव ठरवो की कर्म, माणसाच्या कृत्याचा जाब माणसालाच द्यावा लागतो. 'सैतानाने करवले' ही सबब धर्मातही टिकत नाही, पोलीस ठाण्यात तर नाहीच.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे केले तर सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. रुग्ण दगावल्यावर मांत्रिक 'त्याची वेळच भरली होती' म्हणत हात झटकतो. घरच्यांनी ते ऐकून घेऊ नये. लकडगंजहून मेयो रुग्णालय किती जवळ आहे, हे इथे कुणालाही विचारा.