जंतांचे औषध आणि बाजाराचा सल्ला

एव्हरशाईन सिटीसारख्या वसईच्या नव्या वस्तीत सदनिकेत राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाने गुरांच्या जंतांविषयी लिहावे, याचे काही मित्रांना हसू येईल. पण आमच्या दारी येणारे दूध म्हशीच्या पोटातूनच येते, आणि त्या पोटाच्या अर्थकारणाचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. मांसासाठी कायदेशीर जनावर उरले ते म्हशी-रेड्यांचे. थकलेला बैल विकून नवा घेण्याची वाट अरुंद झाल्यावर लहान शेतकऱ्याला गोठ्यातले जनावर अधिक काळ धडधाकट राखणे भाग आहे. जंत झालेले जनावर चारा खाते, पण तो अंगी लागत नाही. हे नुकसान रोज होते आणि दिसत नाही.

मग शेतकरी दुकानात जातो. गोळी, पाजण्याचे औषध, टोचण्याचे औषध, पाठीवर ओतण्याचे औषध असे प्रकार समोर येतात आणि निवड विक्रेता करतो. वस्तुतः आधी ओळखायचा असतो तो जंत. ज्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर गुणकारी आहे. यकृतातील पर्णकृमींवर मात्र ते निरुपयोगी ठरते. हे पर्णकृमी पाणथळ जागेतील गोगलगायींमार्फत पसरतात. तेव्हा पारोळ-भाताणे भागातील भातखाचरांच्या कडेला चरणाऱ्या गुराला कदाचित ऑक्सिक्लोझॅनाइड वा ट्रायक्लाबेंडाझोल लागेल. शिवाय आयव्हरमेक्टिन दुधात उतरते, म्हणून दुभत्या म्हशीला ते देणे योग्य नव्हे. गाभणपणाच्या आरंभी अल्बेंडाझोल टाळावे लागते. रेडकांना तर आईच्या दुधातूनच गोलकृमी होतात.

हे सारे कळण्याचा मार्ग स्वस्त आहे: सूक्ष्मदर्शकाखाली शेणाची तपासणी. मग ती होत का नाही? कारण औषध विकण्यात नफा आहे, ते न विकण्याचा सल्ला देण्यात नाही. यापुढचा धोका मोठा आहे. वजनाचा अंदाज चुकून मात्रा कमी पडली की चिवट जंत तेवढे जगतात आणि त्यांची अंडी सामायिक कुरणावर पडतात. एका गोठ्यातली चूक साऱ्या गावाच्या माथी येते. औषधाचा गुण ही अशी सामाजिक संपत्ती आहे. तिची राखण बाजार करणार नाही.

दोष शेतकऱ्याचा आहे काय? मुळीच नाही. दुकान जवळ, दवाखाना लांब. डॉक्टर एक आणि गावे अनेक. दुकानदारही त्याला उधारीवर औषध देतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणतपासणीची सोय आणि ती करणारा माणूस हवा. पावसाळ्यापूर्वी व नंतर गावोगाव तपासणी व्हावी. छातीच्या घेरावरून वजन काढण्याची फीत प्रत्येक ग्रामपंचायतीत असावी. तोवर शेणाचे नमुने दवाखान्यात पोहोचवण्याचे काम आपले कार्यकर्ते करू शकतात. या कामात हारतुरे नाहीत, हे खरे. पण गोठ्यात रोज होणारी गळती थांबवल्याशिवाय शेतकऱ्याच्या मुक्तीच्या गोष्टी करण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?