बाबाबा कसोटी आणि मुंगूस

चिपळूणच्या बाजारात कोंबड्यांची पिल्लं मिळतात. गिरिराज, वनराज, कावेरी आणि अंगावर काळं पीस दिसलं की कडकनाथ. खाद्याची पोती मिळतात, पाण्याची लाल-पांढरी भांडी मिळतात. आठ कोंबड्या रात्री निर्धास्त झोपतील एवढं खुराडं मात्र मिळत नाही. ते ज्याचं त्याने करायचं, असा दुकानदाराचा, शेजाऱ्यांचा, पाहुण्यांचा सगळ्यांचाच समज आहे. ‘त्यात काय एवढं, चार फळ्या ठोकायच्या!’ असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं, त्यांतल्या एकानेही जन्मात दोन फळ्या एकमेकींना ठोकलेल्या नाहीत. हे मी चौकशी करून सांगते आहे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. कोंबड्या पाळायच्या हे फार आधीपासून मनात होतं. खुराडं स्वतः बांधायचं हे मनात नव्हतं, ते अंगावर आलं. वाडीत दोन चांगले सुतार आहेत. पण पुण्या-मुंबईकडच्या लोकांची इथे बंगल्यांची कामं चालू असताना दिवसा-दीड दिवसाच्या खुराड्यासाठी कोण येणार? त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही आले नसते.

सामान आणायला गेलं की पहिलं कळतं ते हे, की या जगात सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. प्लायवूड आठ बाय चारच्या शीटमध्ये. जाळी हवी तर अख्खा बंडल उचला. मिळालेल्या माहितीपत्रकांत हजार पक्ष्यांच्या शेडचे नकाशे. मानमोडीची लस घ्यायला गेलं तर बाटली शे-दोनशे मात्रांची, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. आठ कोंबड्यांना देऊन उरलेली ओतून टाका. परसातलं कुक्कुटपालन या विषयावर भाषणं पुष्कळ होतात, पण परस केवढं असतं हे बाजाराला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मोबाइलवर सापडणारे आराखडे तर दुसऱ्याच मुलखातले. बहुतेक अमेरिकी. त्यांत छपराचा उतार बर्फ घसरून पडावा म्हणून, भिंती दुहेरी, आत ऊब राहावी म्हणून. आमच्याकडे ऊब हा प्रश्न नाही. आमच्याकडे एप्रिलात पत्रा तापतो आणि कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. मग जून ते सप्टेंबर आडवा पाऊस. बंद खुराड्यात ओल धरली की विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि आपलेच डोळे झोंबतात, तर कोंबडीचं काय होत असेल! आपल्याला हवी ती हवा खेळती ठेवणारी पेटी, लांबट बाजू पूर्व-पश्चिम, आणि वारा झोपलेल्या कोंबडीच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंचीवर झरोके. शिवाय त्या आराखड्यांतलं ‘दोन बाय चार’चं लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतं. रंधा मारून गेल्यावर उरतं ते तेवढं, पण नाव आधीचंच. गणिताच्या माणसाला हे वाचून जी चीड येते, तिचं वर्णन इथे नको.

लाकूड माझ्याकडे होतं. जुन्या घराची कौलं उतरवून स्लॅब घातला, तेव्हाचे ऐनाचे वासे आणि रिपा पडवीत रचून ठेवलेल्या होत्या. फुकटच्या लाकडाचा आनंद पहिला खिळा मारेपर्यंत टिकतो. पन्नास-साठ वर्षं धूर खाल्लेला ऐन खिळा आत घेत नाही, वाकवून परत देतो. आधी ड्रिलने भोक, मग स्क्रूला साबण, मग पिळायचं. आमचे हे खुर्ची टाकून बसत आणि वाकलेले तारखिळे हातोडीने सरळ करून डब्यात भरत. संसारात त्यांनी इतक्या चिकाटीने केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

पण खरा विषय चौकटीचा आहे. चार रिपा कापल्या, समोरासमोरच्या अगदी सुतासुताने समान. टोकं जोडली. उचलून भिंतीला टेकवली तर चौकट एका अंगाला कलली. दाबून सरळ केली तर दुसऱ्या अंगाला कलली. माझ्याकडे गुण्या होता, ओळंबा होता, पाणसळ शेजारून आणली होती. कोपऱ्याला गुण्या लावला की तो कोपरा नव्वद अंश दाखवी, तेवढ्यात समोरचा कोपरा पळे.

त्या दोन सुतारांपैकी थोरले रस्त्याने दुकानाकडे चालले होते. गडग्यापाशी थांबले, चौकटीकडे बघत राहिले.

‘बाई, कोनाकोनात टेप लावलात काय?’

‘म्हणजे?’

‘ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मग दुसऱ्या दोघांत. दोन्ही मापं सारखी आली की चौकट गुण्यात. नाय आली तर जी लांब असेल तिकडून दाबायचं. आणि एक तिरकी पट्टी मारा, नायतर उद्या परत हलेल.’

एवढं बोलून ते गेले, आणि मी टेप हातात घेऊन उभी राहिले. समोरासमोरच्या बाजू समान म्हणजे समांतरभुज चौकोन. त्याचे कर्ण समान असतील तरच तो आयत. हे प्रमेय मी किती वर्गांना फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असेल! आणि तिरकी पट्टी म्हणजे काय? बाबाबा कसोटी. बाजू-बाजू-बाजू. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण पक्का होतो, त्याला हलायला वाव राहत नाही. चौकोनाच्या चारही बाजू ठरल्या तरी तो पक्का होत नाही, त्याचे कोन बदलू शकतात. म्हणून चौकट हलते, म्हणून छपराची कैची त्रिकोणाची असते, विजेच्या मनोऱ्यात सगळीकडे तिरकस पट्ट्या असतात. आमच्या पाठ्यपुस्तकात बाबाबा कसोटी आहे, तिच्यावर उदाहरणं आहेत, परीक्षेत तिला गुण आहेत. दाराला तिरकी पट्टी का मारतात, हे मात्र मी शिकवलेल्या पुस्तकांत कुठेच नव्हतं.

दाराबद्दल आणखी एक. तिरकी पट्टी कोणत्या दिशेने, यालाही अर्थ आहे. लाकडी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवी. म्हणजे दाराचं वजन पट्टीतून दाबत खालच्या बिजागरीवर उतरतं. उलट मारली तर तिच्यावर ताण येतो, सांधा हळूहळू उघडतो आणि दार लोंबायला लागतं. जुन्या गोठ्यांची, न्हाणीघरांची दारं या नजरेने बघत हिंडले, तर जवळजवळ सगळी बरोबर होती. ज्यांनी ती केली त्यांच्यापैकी किती जण सातवीच्या पुढे गेले असतील, कोण जाणे.

मे महिन्यात अलगद लागणारं दार जुलैत लागेना. लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. तेव्हा उन्हाळ्यात दार करताना दोन सूत फट सोडावी लागते. रंधा मारून दार बसवलं की ऑक्टोबरात तिथे बोटभर फट, आणि बोटभर फट म्हणजे धामणीला आमंत्रण.

जाळीच्या बाबतीत तर आपली सरळ दिशाभूल होते. दुकानात कोंबड्यांची जाळी म्हणून मिळते ती षटकोनी, बारीक तारेची, स्वस्त. ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं हे तिचं कामच नव्हे. आमच्याकडे रात्रीचे गिऱ्हाईक पुष्कळ: उदमांजर, रानबोका, घूस. आणि मुंगूस भरदिवसा. पीळ घातलेली तार एका ठिकाणी गंजून तुटली की पुढचे षटकोन आपोआप उसवत जातात. लावायची ती अर्ध्या इंचाची वेल्डमेश, महाग असली तरी. आणि ती भिंतीच्या पायथ्याशी संपवायची नाही. बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर आडवी पसरून वर माती आणि जांभ्याचे तुकडे टाकायचे. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी कडेला उकरतो आणि पंजा जाळीला लागला की थांबतो. फूटभर मागे सरून तिथून बोगदा काढावा, हे त्याच्या डोक्यात येत नाही. यासाठी मुंगुसासारखा विचार करावा लागतो, आणि तो विचार एक तांबडी कोंबडी गेल्यावरच सुरू होतो.

मग सगळं उभं राहिलं आणि कोंबड्या आत जाईनात. संध्याकाळ झाली की शेवग्यावर. कोंबडीला झोपायला त्यातल्या त्यात उंच जागा हवी असते. आत बसायचा दांडा अंड्यांच्या खोक्यांपेक्षा खाली राहिला तर ती खोक्यातच झोपते, खोकं घाण करते आणि अंडं दुसरीकडे घालते. दांडा वर घ्यावा लागतो. तो गोल असेल तर फिरता कामा नये. त्यांना काही दिवस आतच कोंडून ठेवलं की हीच आपली झोपायची जागा हे डोक्यात बसतं. फूटभर लांबी-रुंदीची तीन खोकी मी ठेवली, आतून भाताचा पेंढा घातला. सगळ्या एकाच खोक्यात अंडी घालतात, बाहेर रांग लावून, भांडून. उरलेली दोन नवीकोरी आहेत.

एवढं सगळं सांगायचं कारण दुसरंच आहे. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही कार्यानुभव आठवत असेल. कोठारी आयोगाने 1966 साली अहवाल दिला, त्यात कामाचा अनुभव हा सगळ्या शिक्षणाचाच भाग असावा असं म्हटलं होतं. त्याच्याही आधी, 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग मध्यभागी ठेवून बाकीचे विषय त्याच्याभोवती शिकवा म्हणून आग्रह धरला. त्याचं आमच्या शाळेत काय झालं? क्रेप कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, राख्या. दहावीच्या वर्गात तर तो तास जो विषय मागे पडला असेल त्याला मिळायचा, बहुतेकदा गणिताला. एक पिढी अशी तयार झाली की कर्ण समान असतात हे तिला पाठ आहे आणि स्टूल डुगडुगलं की ती नवं मागवते.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं, हे या राज्यात करून दाखवलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग चांगली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात: वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन. गावाला उपयोगी पडणाऱ्या वस्तू करून देतात. दहावीच्या मंडळाने तो विषय मान्य केला. काही शाळांनी तो घेतला. बाकीच्यांनी घेतला नाही, कारण त्याला शेड लागते, हत्यारं लागतात, आणि पालक म्हणतात, पोराला करवत हातात द्यायला शाळेत घातलं काय?

त्या प्रश्नात जात आहे, हे आपण उघड बोलत नाही. हाताने करायचं काम बलुतेदाराचं आणि वही-पेन आपलं, ही वाटणी शाळा येण्याच्या कितीतरी आधीची. शाळेने ती मोडायची होती, तिने तीच वेळापत्रकात लिहून काढली. मी निवृत्तीनंतर हातोडी घेतली तर तो छंद, लोक फोटो काढतात. त्याच थोरल्या सुतारांच्या नातवाला मात्र घरातले आणि शाळेतले दोघेही सांगतात, अभ्यास कर, नाहीतर हेच करावं लागेल.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं, असं तिथे लिहिलेलं आहे. तीन वर्षांत दहा दिवस! पण तेवढे तरी खऱ्या कामाला द्यावेत. माझी भीती अशी की पुन्हा भेट, फोटो, अहवाल आणि भिंतीवर तक्ता होईल. त्याऐवजी प्रत्येक शाळेने आवारात एक खुराडं बांधावं. काम लहान आहे, पण त्यात काटकोन आहे, बाबाबा आहे, लाकडाचं फुगणं आहे, वारा-ऊन आहे, प्राण्याचा स्वभाव आहे, खर्चाचा हिशेब आहे. गुण शिक्षकांनी देऊ नयेत. एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मुंगुसाला तपासायला द्यावं. ते कुणाचा शिफारसफोन घेत नाही.

हे मी थोरल्या सुतारांना बोलून दाखवलं. शाळेने बोलावलं तर याल का, शिकवायला? त्यांनी थोडा विचार केला. गणपतीच्या आधी महिनाभर जमणार नाही, म्हणाले, मखरांची कामं असतात. नंतर येईन. रोज मात्र पूर्ण दिवसाचा घेणार, शाळा म्हणून कमी नाही. आणि चाळीस पोरांत एक करवत दिली तर पहिल्याच दिवशी परत जाईन. आठ तरी हव्यात, आणि त्या मी निवडणार.