तहान लागल्यावर विहीर

पावसाळा ओसरू लागला आणि साचलेल्या पाण्यावर डासांची पैदास वाढली, की अहिल्यानगर जिल्ह्यात एक परिचित दृश्य दिसू लागते. खेड्यातील तापाचा रुग्ण नगरच्या रुग्णालयात दाखल होतो. ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ अशी वार्ता गावी पोहोचते. आणि मग घरोघरच्या भ्रमणध्वनींवर रक्तगटाची हाकाटी सुरू होते. पाथर्डी तालुक्यातील तिसगावाचेच उदाहरण घ्या. कानिफनाथांच्या मढीला जाणाऱ्या यात्रेकरूंना हे गाव अपरिचित नाही. तेथून नगर सुमारे ४० किलोमीटर. वाटेत करंजीचा घाट. रात्री निरोप मिळालेला दाता दुसऱ्या दिवशी एस. टी.ने नगरला पोहोचेपर्यंत रुग्णाच्या आप्तांचा जीव टांगणीला लागलेला असतो. अवर्षणाशी झुंजणाऱ्या या तालुक्याला तहान लागल्यावर विहीर खणण्यातील व्यर्थता कोणी नव्याने सांगावयास नको. तथापि रक्ताच्या बाबतीत आपण सारे, शहरवासीदेखील, नेमके तेच करीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यांना लोक ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात त्या वस्तुतः पांढऱ्या पेशी नव्हेत. त्या प्लेटलेट, अर्थात् रक्तबिंबिका होत. इटालियन शास्त्रज्ञ बिझोझेरो यांनी १८८२ साली त्यांचे कार्य उलगडून दाखविले. रक्तवाहिनीला इजा होताच तेथे जमून रक्तस्राव थोपविणे हे त्यांचे काम. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. कर्करोगावरील औषधांनी, रक्ताच्या कर्करोगाने किंवा डेंग्यूने त्या घटतात.

लाल पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात, गोठविलेला रक्तद्रव वर्षभर राहतो. परंतु प्लेटलेटचे आयुष्य अवघे ५ दिवसांचे. त्याही थंडीत ठेवून चालत नाहीत. २० ते २४ अंश सेल्सियस तापमानात त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणजे पुढाऱ्यांच्या वाढदिवशी एकाच दिवसात शेकडो पिशव्या गोळा केल्याने पुढच्या आठवड्यातील रुग्णाची सोय होत नाही. शिवाय शिबिरातील पिशवीतून प्लेटलेट वेगळ्या करावयाच्या तर ती सहा ते आठ तासांच्या आत, गार न करता, विघटनाची सोय असलेल्या रक्तकेंद्रात पोहोचली पाहिजे. शिबिर भरविणाऱ्या किती मंडळांनी याची चौकशी केलेली असते?

दुसरा मार्ग म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट घेणे. यात दात्याचे रक्त यंत्रात जाते, प्लेटलेट बाजूस काढल्या जातात आणि उरलेले रक्त त्याला परत मिळते. एका दात्याकडून अशा रीतीने मिळणारा साठा साध्या रक्ताच्या पाच-सहा पिशव्यांतून निघणाऱ्या साठ्याएवढा असतो. या कामी तास-दीड तास लागतो. साधन निर्जंतुक व एकदाच वापरावयाचे असते. सबब दात्याला त्यातून संसर्गाचे भय नाही. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे ओठांना व बोटांना मुंग्या येतात, क्वचित थंडी वाजते. ते तत्काळ सांगावे. यंत्राचा वेग कमी केला किंवा कॅल्शियम दिले की बहुधा आराम पडतो. सुई टोचल्या जागी काळे-निळे पडू शकते. दिलेल्या प्लेटलेट शरीर काही दिवसांत भरून काढते. पोटभर जेवून, पाणी पिऊन जावे. त्या दिवशी त्या हाताने जड ओझे उचलू नये. भीती दडविल्याने दाते वाढत नाहीत; जे घडते ते सरळ सांगितल्याने वाढतात, अशी आमची धारणा आहे.

दात्याचे वय १८ ते ६०, वजन किमान ५० किलो, हिमोग्लोबिन १२.५ आणि प्लेटलेट दीड लाखांहून अधिक असाव्यात. आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेले नसावे. दोन दानांत किमान ४८ तासांचे अंतर, आठवड्यात दोनदा व वर्षात २४ वेळांपेक्षा अधिक नाही, अशी मर्यादा नियमांनी घातली आहे. साध्या रक्तदानानंतर २८ दिवस थांबावे लागते. एचआयव्ही, कावीळ इत्यादींच्या चाचण्याही अनिवार्य असतात. म्हणूनच धावतपळत आलेला दहावा आप्तही अनेकदा निकषांत बसत नाही.

येथे नाण्याची दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. डेंग्यूत आकडा उतरला की प्लेटलेट चढवाव्यातच, हा आग्रह शास्त्रसंमत नाही. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली आल्यावाचून त्याची सहसा गरज नसते. सिंगापूर व मलेशियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तस्रावाचा धोका टाळण्यासाठी आगाऊ दिलेल्या प्लेटलेटचा लाभ दिसला नाही. उलट काहींना त्रास झाला. कागदावरील आकड्याला घाबरून नातेवाईकांनी हट्ट धरावा आणि डॉक्टरांनी त्यापुढे मान तुकवावी, यात खऱ्या गरजूची, विशेषतः कर्करोगाने पीडित बालकाची, पिशवी वाया जाते.

१९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास देशात बंदी आली. हे योग्यच झाले. परंतु धंदेवाईक दाता गेला तरी त्याच्या जागी आपण स्वेच्छेचा, नियमित दाता उभा केला काय? की रुग्णाच्या हतबल आप्तांवरच तो भार टाकून मोकळे झालो?

उपाय खर्चिक नाहीत. तिसगावसारख्या प्रत्येक मोठ्या गावाने, ग्रामपंचायत व तरुण मंडळांच्या साहाय्याने, दात्यांच्या संमतीने नोंदवही ठेवावी. रक्तगट, वजन व मागील दानाची तारीख तीत असावी. इच्छुकांची तपासणी आधीच होऊन राहावी. हाक आली की गावाने वाहन द्यावे, मोबदला नव्हे. शिबिरे एकाच तारखेला न भरविता वर्षभर विभागावीत. शासनाने विघटनाची सोय तालुक्यांच्या अधिक जवळ आणावी. आणि नगर-पुण्याच्या सुशिक्षित वर्गाने, ज्याच्या दारापासून रक्तकेंद्र थोड्याच अंतरावर आहे, घाट ओलांडून येणाऱ्या दात्याची वाट पाहणे सोडावे. तिसगावचा रुग्ण शहरात येऊन पडतो तेव्हा तो शहराचाच पाहुणा असतो. त्याच्यासाठी तास-दीड तास खुर्चीत बसणे एवढेच आपल्याकडे मागितले जात आहे. विहीर आजच खणावयास हवी. तहान तर लागणारच आहे.