बास गिटारसाठी लहान अ‍ॅम्प घेताना

मागच्या महिन्यात पुण्याहून आपाचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि ती लगेच मुद्द्यावर आली. "तुझ्या भाच्यानं गिटार आणलीय. चार तारांची. आता म्हणतो, हिला आवाज नाही, अ‍ॅम्प पाहिजे. तुझे दुल्हाभाई म्हणतात, गिटारच परत करून ये. तू एकदा येऊन जा बाबा."

प्रकरण नुसत्या अ‍ॅम्पचं नव्हतं. भाचा सतरा वर्षांचा. साठवलेल्या ईदीच्या पैशातून त्यानं मित्राची जुनी बास गिटार घेतली. अ‍ॅम्प नव्हता म्हणून ती टीव्हीच्या होम थिएटरला जोडली. आवाज पुरेना म्हणून वाढवत गेला आणि तिसऱ्या दिवशी स्पीकरचा पडदा फाटला. त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या ताई वर आल्या. त्या नर्स आहेत, रात्रपाळी करून दिवसा झोपतात. भांडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "गाणं काही ऐकू येत नाही हो, पण माझा पलंग थरथरतो." आपाला हे फार लागलं. कोविडच्या दिवसांत तिच्या सासूबाईंना इंजेक्शन द्यायला हीच बाई रोज जिना चढून येत होती.

या सदरात आपण आजवर मिक्सर, गिझर, इन्व्हर्टर असलीच यंत्रं पाहिली. बास गिटारचा अ‍ॅम्प घरोघरी लागणारा जिन्नस नाही, हे कबूल. पण कॉलेजातली मुलं असलेल्या घरात ही मागणी आज ना उद्या येते, आणि आईबाप एक तर सरळ नाही म्हणतात किंवा दुकानदार देईल ते घेऊन येतात. दोन्हींत पैसे किंवा मन, काहीतरी वाया जातं.

साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते. बास गिटारची सर्वांत जाड तार, जिला ई म्हणतात, ती 41 वेळा. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. मी मिरजेचा. शाळेत जाताना वाटेत सतारमेकरांची दुकानं लागायची, बाहेर भोपळे वाळत घातलेले असायचे. मर्दानी तंबोऱ्याला मोठा भोपळा, जनानीला लहान. का, हे त्या वयात कुणाला विचारलं नाही. खर्जाला हवा लागते, हे पुढे रेडिओ दुरुस्ती शिकताना कळलं. स्पीकरचंही तेच आहे. तोच स्पीकर, तेवढाच मोठा आवाज, पण सूर एक सप्तक खाली आणायचा असेल तर त्याच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. होम थिएटरचा तळहाताएवढा स्पीकर ते कुठून करणार? त्यानं प्रयत्न केला आणि फाटला.

गाण्याच्या गिटारचा अ‍ॅम्प बासला चालतो का, हा प्रश्न म्हणूनच नेहमी विचारला जातो. अगदी हळू आवाजात चालतो. वाढवलात तर त्याचा स्पीकर जायची भीती. कीबोर्डचा अ‍ॅम्प त्या मानानं बरा, कारण त्याला खालचे सूर सोसायची सवय असते.

दुकानात पहिला प्रश्न असतो, किती वॅटचा दाखवू? या आकड्यानं जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशानं होत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबलनं वाढतो. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे 20 आणि 40 वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये नुसत्या वॅटवरून निवड करणं म्हणजे कुकरच्या शिट्टीवरून बिर्याणी जोखणं. खरा फरक स्पीकरच्या आकारात आणि ज्या खोक्यात तो बसवलाय त्या खोक्यात असतो. आठ इंची स्पीकर घरच्या सरावाला पुरतो. दहा इंची असेल तर खालचा सूर भरीव येतो. त्याहून लहान असेल तर तडजोड आहे हे समजून घ्यावं.

तडजोड कसली, तेही सांगतो. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधूनही गाण्यातला बास आपल्याला कळतो. वास्तविक तो खालचा सूर त्यातून जवळजवळ निघतच नाही. त्या सुरासोबतचे वरचे सूर निघतात आणि मूळ सूर आपला मेंदू मनानं भरून घेतो. चार इंची स्पीकरचे लहान बास अ‍ॅम्प बरेचसे याच भरवशावर चालतात. सूर ओळखू येतो, छातीत भरत नाही. रोलँडचा मायक्रो क्यूब बास आरएक्स म्हणून एक होता. चार-चार इंचांचे चार स्पीकर, एकूण पाच वॅट, सहा पेन्सिल सेलवर चालायचा, आत तालाची सोयही होती. जुना मिळाला तर अजून कामाचा आहे. ब्लॅकस्टारचा फ्लाय 3 बास त्याहून लहान, तीन वॅट आणि तीन इंची एकच स्पीकर. उशीशेजारी ठेवून बोटं बसवायला ठीक, मित्रांत नेला तर हरवून जाईल.

बास अ‍ॅम्प उचलून नेता यावा ही हौस आजची नाही. लिओ फेंडरनं अमेरिकेत 1951 मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली आणि पाठोपाठ 1952 मध्ये तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प. गंमत अशी की पुढे बासवाल्यांपेक्षा साध्या गिटारवाल्यांनीच तो जास्त उचलून धरला. अ‍ॅम्पेग कंपनीनं 1960 मध्ये बी-15 काढला. त्याचं नाव पोर्टाफ्लेक्स, म्हणजे नेण्याजोगा. त्याचं वरचं झाकण उलटलं की अ‍ॅम्प वर, मिटलं की खोक्याच्या पोटात. शक्ती 25-30 वॅटच, पण स्पीकर पंधरा इंची. आज हलकी चुंबकं आणि हलकी विद्युतमंडलं आल्यामुळे दहा इंची अ‍ॅम्प एका हातात येतो. खालच्या सुराची हवेची भूक मात्र तीच राहिली.

आता खालच्या ताईंचा पलंग. 41 कंपनांच्या लाटेची लांबी हवेत आठ मीटरच्या वर जाते. आपाच्या अख्ख्या हॉलपेक्षा ती मोठी. अशी लाट पडद्यानं, गालिच्यानं, बंद दारानं अडत नाही. भिंत आणि स्लॅबसुद्धा तिच्याबरोबर थरथरतात. वरचे सूर वाटेत गळतात आणि खाली नुसता धमधम पोचतो. त्यामुळे वाजवणाऱ्याला वाटतं, मी तर किती हळू वाजवतोय. अ‍ॅम्प जमिनीवर आणि कोपऱ्यात असेल तर धमधम आणखी वाढतो. कोपऱ्यातल्या भिंती खालच्या सुराला बळ देतात. म्हणून अ‍ॅम्प भिंतीपासून दूर, एखाद्या भक्कम स्टुलावर, खाली जाड घडी घालून ठेवावा. जमिनीतून जाणारा हादरा कमी होतो. शिवाय स्पीकर कानाच्या उंचीला येतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला स्वतःचं नीट ऐकू येतं आणि बटण फिरवायचा मोह आवरतो. हवेतून जाणारा आवाज मात्र यानं थांबत नाही, ही भाबडी समजूत नको.

त्यावर उपाय एकच, हेडफोन. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेडफोनची खाच नसलेला अ‍ॅम्प घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. खाचेत पिन घातली की स्पीकर बंद होतो ना, ते दुकानातच पाहावं. काही अ‍ॅम्पना मोठी पिन लागते, जोडणीचा तुकडा सोबत मागून घ्यावा. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथचा नको, कारण तार छेडल्यावर आवाज कानात पोचायला एवढा उशीर होतो की ताल धरताच येत नाही. गाणं लावून त्यावर वाजवायला मोबाईल जोडायची खाचही असावी. ज्यांना इतकंच पुरे आहे, त्यांनी व्हॉक्सच्या अ‍ॅम्प्लगसारखं गिटारलाच खोचायचं छोटं यंत्र घेतलं तरी चालेल. खोकाच नको आणि शेजाऱ्यांना पत्ताही नाही.

पण भाच्याचं एवढ्यावर भागत नव्हतं. रविवारी चार मित्र एकाच्या गच्चीवर जमतात. "मामू, हेडफोन लावून मी एकटाच ऐकू का?" हेही खरं. मी विचारलं, ताल कशावर धरता? तर म्हणे, कहोनवर. लाकडी खोक्यावर बसून हातानं वाजवायचं ते वाद्य. माझा जीव भांड्यात पडला. पूर्ण ड्रमसेट असता तर लहान अ‍ॅम्पचा नाद सोडूनच द्यावा लागला असता. काठ्यांनी वाजणाऱ्या ड्रमपुढे 40 वॅट दबून जातात आणि पोरगं सगळी बटणं टोकाला नेऊन स्पीकरचा जीव घेतं. कहोन, साधी गिटार आणि एक गळा असेल, तर दहा इंची 40 वॅटचा अ‍ॅम्प पुरतो. उघड्या गच्चीवर बास घरापेक्षा बारीक वाटतो, कारण तिथं भिंतींची मदत नसते. पाठीशी एखादी भिंत घेऊन बसावं. एरवी टाळायचं ते इथं उपयोगी पडतं.

पुण्यात एका दुकानात आम्ही दुपार घालवली. भाच्यानं स्वतःची गिटार नेली होती. दुकानातल्या झगझगीत गिटारवर अ‍ॅम्प पारखू नये, घरी जी आहे तिच्यावरच पारखावा. सुराची सगळी बटणं मधोमध ठेवायला लावली. मग ई तार मोकळी, आणि लगेच तोच सूर एक सप्तक वर, डी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. दोन्ही सारख्या ताकदीनं आले पाहिजेत. वरचा दणकट आणि खालचा नुसता टक्कन वाजला, तर स्पीकर थकलाय. मग आवाज हळूहळू वाढवत नेला. कुठंतरी फडफड सुरू होते, तिथं थांबायचं. त्याच्या आतला आवाज तुमच्या गरजेला पुरतो का, एवढंच विचारायचं. मी चार पावलं मागं, दाराशी उभा राहून ऐकत होतो. खोक्याला चिकटून ऐकलेलं बासला लागू पडत नाही.

फेंडरचा रंबल 25, ऑरेंजचा क्रश बास 25 आणि अ‍ॅम्पेगचा बीए-108 हे तिन्ही आठ इंची. घरच्या सरावाला तिघांतला कोणताही घेतला तरी पस्तावणार नाही. ऑरेंजमध्ये तारा जुळवायचा ट्यूनर आतच आहे, नवशिक्याला ते बरं. फेंडरचा रंबल 40 दहा इंची, वजन आठ किलोच्या आसपास, आणि मागे एक वेगळी खाच असते. कॉलेजच्या कार्यक्रमात तिथून वायर थेट मोठ्या ध्वनिक्षेपकाला देता येते. ही खाच असली की लहान अ‍ॅम्प मोठ्या जागीही चालून जातो, दुसरा घ्यावा लागत नाही. किमती लिहीत नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत त्या बदललेल्या असतात.

भाच्याला रंबल 40 आवडला. नवा परवडेना. मग दुकानदारानंच परत आलेला एक वापरलेला दाखवला. जुना अ‍ॅम्प घेताना प्रत्येक बटण फिरवून खरखर ऐकावी, वायरची खाच हलवून आवाज तुटतो का पाहावं, आणि पाठीवरची पट्टी वाचावी. ही पट्टी फार महत्त्वाची. आपल्याकडे कुणाचा ना कुणाचा भाऊ, मेहुणा परदेशात असतो आणि सुट्टीवर येताना वस्तू आणतो. अमेरिकेतून आलेल्या अ‍ॅम्पवर 120 व्होल्ट लिहिलेलं असेल आणि तो इथल्या 230 व्होल्टला सरळ लावला, तर धूर पाहायला मिळेल. दुबईकडचा चालतो, पिन तेवढी बदलावी लागते. वॉरंटी इथं लागू आहे का, हे मात्र आणणाऱ्याला आधीच विचारायला सांगावं.

अर्थिंगचंही इथंच सांगतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटं कायम तारांवर असतात. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. तीन पिनांतली जाड पिन काढून किंवा दोन पिनांचा तुकडा लावून अ‍ॅम्प चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. आपाच्या घरी मी आधी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. हॉलमधल्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं. इलेक्ट्रिशियन बोलावला. तो खर्च दुल्हाभाईंनी कुरकूर न करता दिला, कारण फ्रिजही त्याच बोर्डावर होता.

अ‍ॅम्प आता खिडकीजवळ, भिंतीपासून हातभर दूर, जुन्या गोधडीची घडी घातलेल्या स्टुलावर असतो. पहिल्या दिवशी आपा स्वतः खाली ताईंच्या खोलीत जाऊन बसली आणि फोनवरून सांगत राहिली, आणखी कमी, आणखी कमी, हां, आता पुरे. तिथं भाच्यानं बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका दिला. ताईंच्या ड्यूटीचा महिन्याचा तक्ता फ्रिजवर लावलाय. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसभर हेडफोन, बाकीच्या दिवसांत संध्याकाळी तासभर ठिपक्यापर्यंत. होम थिएटरच्या स्पीकरचे पैसे पुढच्या ईदीतून कापले जाणार आहेत, आणि त्यावर मामूनं काही बोलायचं नाही, असं मला बजावण्यात आलं आहे.