साइडआर्म पहिल्या आठवड्यातच शिकवा

डिस्क गोल्फमध्ये नवख्याला आधी बॅकहँड शिकवायचा आणि साइडआर्म ‘पुढे बघू’ म्हणून सोडायचा, ही रीत बदलायला हवी. उजव्या हाताने बॅकहँड मारला की चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग मंदावताच डावीकडे कलते. साइडआर्मची चकती उलटी फिरते आणि उजवीकडे वळते. झाडीतली वाट उजवीकडे वळली की एकच फेक येणारा खेळाडू तिथेच अडकतो. 2016 आणि 2017 चा विश्वविजेता रिकी वायसॉकी याच्या खेळात साइडआर्मचा वाटा मोठा आहे, तो उगाच नव्हे. शिवाय या फेकीत नजर लक्ष्यावरून हटत नाही.

बॅकहँड लांब जातो, हा आक्षेप बहुतेकांच्या बाबतीत खरा आहे. पण झाडांतून वाट काढताना लांबीपेक्षा दिशा महत्त्वाची. कोपर दुखतं, ही तक्रार मात्र गंभीरच. ते दुखतं प्रामुख्याने सगळा जोर हातातूनच काढल्यामुळे. तर्जनी आणि मधलं बोट चकतीच्या आतल्या कडेला टेकवा, अंगठा वर घट्ट दाबा, तळवा आभाळाकडे ठेवा आणि पाण्यावर चपटा दगड फेकून टप्पे काढतो तसा मनगटाचा झटका द्या. चकती डगमगली तर जोर वाढवू नका, कमी करा. प्रशिक्षकांनो, सुरुवात वीस मीटरपासून करा, पण पहिल्याच आठवड्यात करा.